सत्तेचाळीस क्रमांकाची तीन पुस्तकं

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार. नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाची वार्षिक तपासणी सुरू होती. अधिकाऱ्यांनी उघड्या कपाटातून एक पुस्तक काढलं, त्यावरचा दाखल क्रमांक वाचला, ४७, आणि ग्रंथ दाखल नोंदवहीत ४७ काढायला सांगितलं. वहीत दुसरंच पुस्तक निघालं. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "साहेब, हे बालविभागाच्या वहीतलं सत्तेचाळीस आहे." ती वही आली, नोंद जुळली. मग साहेबांनी विचारलं, "अजून किती वह्या आहेत?" भेट ग्रंथांची तिसरी वही आली. तिच्यातही ४७ होताच.

अहवालात शेरा पडला की एकाच दाखल क्रमांकाचे एकाहून अधिक ग्रंथ आढळले, प्रत्येक ग्रंथाला स्वतंत्र क्रमांक देऊन पूर्तता कळवावी. वाचनालय १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यताप्राप्त आहे आणि अनुदानावर चालतं, त्यामुळे शेरा मनावर घ्यावाच लागतो. मी परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीत डेटाबेसचं काम करते आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळावर आहे. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. त्या रात्री मी मराठीत खूप शोधलं, पण हे काम करून बसलेल्या कुणाचाही अनुभव सापडला नाही. म्हणून आता हे तारीखवार लिहिते आहे. कुणाच्या सोसायटीत, शाळेत, दवाखान्यात क्रमांक बदलायची वेळ आली तर उपयोगी पडावं.

दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं त्या दिवशी त्याला मिळालेला क्रमांक. विषयाचा वर्गांक वेगळा. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असल्या तर वर्गांक एकच, दाखल क्रमांक पाच. पुस्तक फाटलं, हरवलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. आमच्याकडे बालविभाग सुरू झाला तेव्हा कुणीतरी नवी वही घेऊन १ पासून सुरुवात केली, आणि भेट पुस्तकांचंही तेच झालं. वह्या वेगळ्या, खोल्या वेगळ्या, तोवर काही अडलं नाही. अडलं ते सगळं एका संगणकात भरलं तेव्हा. पण तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

५ आणि ६ ऑक्टोबर हे दोन दिवस मी वाचनालयाच्या संगणकावरच्या डेटाबेसची प्रत काढून घरी पाहत बसले. देवघेवीचं सॉफ्टवेअर बरंच जुनं आहे, बनवणारे आता हे काम करत नाहीत. पीएचपी या संगणकभाषेत लिहिलेलं, खाली मायएसक्यूएल हा डेटाबेस. दाखल क्रमांकाचा रकाना अंकाचा नसून मजकुराचा होता. त्यामुळे यादी लावली की १, १०, १००, १०००, १००१ अशी यायची आणि २ कुठेतरी खूप खाली. काही नोंदी मराठी आकड्यांत होत्या, बाकीच्या इंग्रजी आकड्यांत. मजकुराचा अंक करायला सांगितला की मायएसक्यूएल मराठी आकड्यांचा सरळ शून्य करून टाकतं, इशारा देतं पण थांबत नाही. तीन ठिकाणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर होतं. काही क्रमांकांच्या मागे मोकळी जागा होती, ती डोळ्यांना दिसत नाही पण जुळवणीत आडवी येऊ शकते. एक वाचक स्वयंसेवक मधली काही वर्षं एक्सेलमध्ये नोंदी करत होता. त्याने कपाट तीन, पुस्तक बारा हे ३/१२ असं लिहिलं आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. अशा ८८ नोंदी मी वह्यांवरून हाताने दुरुस्त केल्या. क्रमांक बदलायच्या आधी असलेले क्रमांक साफ करणं, हे काम वेगळं धरा आणि त्याला वेगळा वेळ द्या. माझे त्यात तीन शनिवार-रविवार गेले.

सफाई झाल्यावर मी प्रतीवर एक अट घातली: विभाग आणि क्रमांक मिळून जोडी दोनदा येता कामा नये. तीन विभागांत ४७ चालेल, पण एकाच विभागात दोनदा नाही. डेटाबेसने नकार दिला. डुप्लिकेट एन्ट्री, ४०००. मला वाटलं नोंद दोनदा भरली गेली असेल. ती काढून पाहिली तर दोन वेगळी पुस्तकं. मग ४००१. मग ४००२.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून थेट वाचनालयात गेले. ताईंनी लोखंडी कपाटातून १९८८ च्या दोन वह्या काढल्या. पहिलीची शेवटची ओळ: ४०९९, एक चरित्र, किंमत २२ रुपये, खाली ग्रंथपालांची सही. दुसरीचं पहिलं पान उघडलं. निळ्या शाईत, अगदी वळणदार अक्षरात, पहिल्या ओळीवर ४०००. नवी वही घेणाऱ्याने ४१०० ऐवजी ४००० लिहिलं होतं आणि पुढे सलग भरत नेलं होतं. शंभर पुस्तकं छत्तीस वर्षं जोडीने राहत होती. काही पुस्तकांवर नंतर कुणीतरी पेन्सिलीने छोटासा "अ" लिहिला होता, म्हणजे कुणाला तरी हे कळलं होतं. ताई ते पान बराच वेळ पाहत राहिल्या. ज्यांचं अक्षर होतं त्यांच्याच हाताखाली त्या काम शिकल्या होत्या.

आता हिशोब असा झाला. मुख्य वहीत शेवटचा क्रमांक ८,७४२, प्रत्यक्ष नोंदी ८,८४२. बालविभाग १,९३६. भेट १,२०८. एकूण ११,९८६.

२० ऑक्टोबरच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. सचिव सरांचं म्हणणं होतं की एवढं करतोच आहोत तर सगळं १ पासून सलग करून टाकू, बाद झालेल्या पुस्तकांच्या रिकाम्या जागाही भरू. त्यांची बाजू मला समजत होती. शेवटचा क्रमांक पाहिला की पुस्तकं किती ते कळावं, ही इच्छा प्रत्येक व्यवस्थापकाला असते. आमचे एक सभासद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतात. ते म्हणाले, "सर, रिकामी जागा वाईट नसते. संविधानातला ३१ वा अनुच्छेद १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेला, पण ३२ चा ३१ कोणी केला नाही. आणि शिक्षणाचा हक्क मध्ये घालायचा होता तेव्हा २१ क केला." मग त्यांनी बॅगेतून एक तक्ता काढून दाखवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ (४). त्या दिवसापासून तो जुना-नवा तक्ता त्यांच्या बॅगेतून बाहेर गेलेला नव्हता, कारण जुन्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांनी चालतात. त्या दिवशी ठराव झाला नाही. मी प्रतीवर सलग क्रमांक करून पाहते, एवढंच ठरलं.

दिवाळीच्या सुट्टीत करून पाहिलं आणि फसलं. कसं ते सविस्तर सांगते, कारण इथेच लोकांचं खरं नुकसान होतं. जोड्या बाजूला काढून मी क्रमांकाच्या रकान्याला पुनरावृत्ती न चालण्याची अट घातली आणि रिकाम्या जागा बुजवत क्रमांक खाली सरकवायचा आदेश दिला. डेटाबेस एकेक ओळ बदलतो. एखाद्या पुस्तकाला तो ११८ देऊ पाहतो, पण जुना ११८ अजून आपल्या जागेवरच बसलेला असतो. झाली टक्कर, आदेश मध्येच थांबला. तोवर दोन हजारांहून जास्त ओळी बदलून झाल्या होत्या. मी निवांत होते, कारण व्यवहार सुरू करूनच काम केलं होतं, म्हणजे सगळे बदल एकदम पक्के होतात किंवा एकदम मागे घेता येतात. रोलबॅक, म्हणजे बदल मागे घ्यायचा आदेश दिला. पण काहीच मागे आलं नाही. फक्त एक इशारा आला की काही तक्ते पूर्ववत करता आले नाहीत.

डेटाबेसातले तक्ते मायआयसॅम नावाच्या साठवणीच्या प्रकारचे होते. त्या प्रकारात व्यवहार नसतात आणि परकी किल्लीची (एका तक्त्यातला क्रमांक दुसऱ्या तक्त्यात असायलाच हवा, अशी) अट लिहिली तरी ती मुकाट्याने दुर्लक्षिली जाते. रोजच्या कामात मी व्यवहार चालणारा इनोडीबी हा प्रकार वापरते, त्यामुळे हे तपासायचं मला सुचलंच नाही. नशीब, ती प्रत होती. मूळ डेटाबेसवर केलं असतं तर अर्धी पुस्तकं जुन्या क्रमांकावर आणि अर्धी नव्यावर, आणि कुठली कशावर ते सांगायला कुणी नाही. म्हणून पहिलं काम हे करा: तक्ते कुठल्या प्रकारचे आहेत ते पाहा, मायआयसॅम असतील तर प्रतीवरच इनोडीबीत बदलून घ्या. सरकवायचंच असेल तर क्रम सांगून सरकवा, नाहीतर दोन टप्प्यांत करा: आधी सगळ्यांत एक लाख मिळवून रिकाम्या माळरानावर न्या, मग तिथून हव्या त्या जागी आणा.

दोन टप्प्यांनी ते जमलंसुद्धा. पडद्यावर १ पासून सलग यादी आली. पण ती पाहताना मला बरं वाटेना. १९९४ साली अकरावीत आम्हाला जीडब्ल्यू-बेसिक ही संगणकभाषा शिकवायचे. त्यात प्रत्येक ओळीला क्रमांक असायचा, १०, २०, ३०, मध्ये काही घालायची वेळ आली तर जागा असावी म्हणून दहा-दहाचं अंतर. जागा संपली की रीनम लिहायचं. सगळ्या ओळी नव्याने मोजल्या जायच्या, आणि "गोटू १५०" अशी जिथे जिथे उडी असेल तिथला आकडाही आपोआप बदलायचा. अस्तित्वातच नसलेल्या ओळीकडे उडी असली तर अनडिफाइन्ड लाइन म्हणून सांगायचं. रीनमला हे जमायचं कारण त्या क्रमांकाचे सगळे उल्लेख त्याच एका प्रोग्रॅममध्ये असायचे.

आमच्या पुस्तकांच्या क्रमांकांचे उल्लेख कुठे कुठे होते? मी ताईंना विचारलं आणि त्या बोटांवर मोजत सांगत गेल्या. पुस्तकाच्या कण्यावर. शीर्षकपानाच्या मागे. गुप्त पानावर, म्हणजे चोरी झाली तर ओळखता यावं म्हणून ठरलेल्या एका आतल्या पानावर. पुस्तक-पत्रावर, म्हणजे देवघेवीसाठी पुस्तकात ठेवलेल्या कार्डावर. सभासदांच्या कार्डांवर. बाद ग्रंथांच्या यादीत. बायंडिंगला दिलेल्या पुस्तकांच्या पावत्यांवर. देणगीदारांना पाठवलेल्या आभारपत्रांत. आणि प्रत्येक खरेदीच्या बिलामागे, "वरील ग्रंथ दाखल क्र. अमुक ते तमुक वर नोंदवले" असा शिक्का. ती बिलं लेखापरीक्षण होऊन बांधलेली आहेत, त्यांना हात लावता येत नाही. मी डेटाबेसात काहीही केलं तरी त्या बिलांवरचा ४०३७ हा ४०३७ च राहणार होता.

उपाय सुचवला तो रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी. ते रोज अकराला येतात, खिशात छोटी डायरी, तिच्यात वाचलेल्या पुस्तकांची नावं नाहीत, फक्त क्रमांक. मी काउंटरवर वह्या पसरून बसले होते. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अवं पोरी, आमच्या गाड्यांचे नंबर बदलले तेव्हा काय केलं? जुन्याच्या समोर एक ठेवला न बस. विदर्भ एकवीस-शून्य-पाच होती, ती बारा-एक-शून्य-पाच झाली. जुना नंबर आतच आहे ना तिच्या." डिसेंबर २०१० ची ती गोष्ट. मग स्वतःच पुढे म्हणाले, "नाहीतर रस्त्याचं पाहा. सात नंबरचा चव्वेचाळीस केला, सहाचा त्रेपन्न. मी अजून एनएच सहाच म्हणून राहिलो."

त्याच रात्री मी योजना लिहून काढली. मुख्य वहीतल्या पुस्तकांना अजिबात हात लावायचा नाही. बालविभागाच्या क्रमांकात २०,००० मिळवायचे, भेट ग्रंथांत ३०,०००. आणि १९८८ च्या दुसऱ्या वहीतल्या त्या शंभरांत ४०,०००. म्हणजे बालविभागाचं ४७ झालं २००४७, भेटीचं ३००४७, आणि दुसरं ४००० झालं ४४०००. नवा क्रमांक पाहिला की जुना डोक्यात निघतो. मुख्य मालिका ८,७४३ पासून पुढे १९,९९९ पर्यंत मोकळी. बदलायच्या नोंदी ११,९८६ वरून ३,२४४ वर आल्या. सचिव सरांना फोनवर सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "हे बरं आहे." २४ नोव्हेंबरच्या बैठकीत ठराव मंजूर झाला.

२ डिसेंबरला परवानगीचा अर्ज दिला. सोबत ठरावाची प्रत जोडली होती, पण ती साक्षांकित नव्हती, आणि बदलायच्या क्रमांकांची यादी आम्ही नुसती "सोबत जोडली आहे" म्हणून लिहिली होती, जोडली नव्हती. चूक आमचीच. हे कळेपर्यंत डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन आलं. त्या दिवसांत सिव्हिल लाइन्सकडे कामासाठी जाणं म्हणजे अर्धा दिवस बंदोबस्तातच जातो. ६ जानेवारी २०२५ ला पूर्ण अर्ज दिला: साक्षांकित ठराव, ३,२४४ ओळींचा जुना-नवा तक्ता दोन प्रतींत, तपासणी अहवालाची झेरॉक्स. २७ जानेवारीला उत्तर मिळालं. सोबत तोंडी सूचना अशी होती की जुन्या नोंदवहीत खाडाखोड नको, पांढरी शाई नको. जुना क्रमांक तसाच ठेवून शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने नवा क्रमांक आणि ठरावाचा क्रमांक, खाली ग्रंथपाल आणि सचिवांची सही. अर्जाला जाताना तक्ता छापूनच न्या, पेन ड्राइव्हवर कोणी पाहत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार. देवघेव संध्याकाळी सातला बंद झाली आणि दाराला पाटी लागली: ९ ते २३ फेब्रुवारी देवघेव बंद, वाचनकक्ष सुरू. मी आधी डेटाबेसच्या तीन प्रती काढल्या, दोन पेन ड्राइव्हवर, एक स्वतःच्या ईमेलवर. एक प्रत दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहिली, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही. मग तक्ते इनोडीबीत बदलले, जुना-नवा तक्ता डेटाबेसात कायमचा ठेवला, आणि त्यात शेवटी दिनांक व शेरा असे दोन रकाने जोडले.

अवघड होता तो देवघेवीचा तक्ता. त्यात फक्त क्रमांक होता, विभाग नव्हता. ४७ नेलं असं लिहिलेलं, पण कुठलं ४७? सभासद बालविभागाचा असेल तर बहुतेक बालपुस्तक, पण पोरांच्या कार्डावर आई-बाबा पुस्तकं नेतात हे सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या दोन महिन्यांत ताईंनी कागदी देवघेव वह्यांवरून जुळवून दिलं म्हणून ते सुटलं. तरी ६३ नोंदी राहिल्याच. त्यांना अंदाजाने नवा क्रमांक द्यायचा मोह झाला होता. दिला नाही. जुन्या क्रमांकासह "विभाग निश्चित नाही" असा शेरा मारून ठेवल्या.

प्रत्यक्ष बदलाला काही सेकंद लागले. आता टक्कर व्हायला जागाच नव्हती. ताळा मात्र मी आधीच कागदावर काढून ठेवला होता. नोंदी आधी ११,९८६, नंतरही ११,९८६ हव्यात. आणि सगळ्या दाखल क्रमांकांची बेरीज नेमकी ७,८९,६०,००० ने वाढायला हवी: १,९३६ गुणिले २०,०००, अधिक १,२०८ गुणिले ३०,०००, अधिक १०० गुणिले ४०,०००. बेरीज मागितली, जुनी वजा केली. सात कोटी एकोणनव्वद लाख साठ हजार. ताईंना मोठ्याने वाचून दाखवलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, त्यांनी डब्यातल्या सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुढे केल्या आणि आम्ही दोघी काही न बोलता त्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथसूचीची वर्डमधली फाइल घेतली. तिच्यात एकाला घाईघाईने शोधा-बदला करायला सांगितलं आणि ४७ च्या जागी २००४७ घातल्यावर १९४७ या सालाचं १९२००४७ झालं. लगेच मागे घेतलं. बदल कधीही आंधळेपणाने करू नका. पूर्ण शब्द जुळला तरच, असा पर्याय तिथे असतो, आणि एकदम सगळे बदलण्याऐवजी विभागवार करा. शेवटी मी सूचीच डेटाबेसातून नव्याने छापली, ते जास्त सोपं गेलं. संस्थेच्या नियमावलीत मात्र "नियम ९ प्रमाणे" असे हाताने टाइप केलेले उल्लेख होते. तिथे आपोआप बदलणारे संदर्भ घातले. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, ते खरं तर आपोआप बदलत नाहीत. सगळं निवडून एफ ९ दाबावं लागतं. नियमांचे क्रमांक आम्ही बदलले नाहीत. नियम ५ रद्द झालेला आहे, तिथे "वगळला" लिहिलं.

सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये क्रमांकांवर अवलंबून असलेल्या १४ जागा सापडल्या. क्रमवारी लावणं, दंडाचा अहवाल, लेबल छापणं, पुस्तक-पत्र. तेरा मी त्याच आठवड्यात दुरुस्त केल्या. चौदावी कशी सापडली ते पुढे येतं.

लेबलांचं काम सगळ्यात लांबलं. ३,२४४ पैकी ४०२ पुस्तकं आधीच बाद झालेली, उरली २,८४२. प्रत्येकाला दोन लेबलं, एक कण्यावर, एक शीर्षकपानामागे. गुप्त पानावर नवा क्रमांक हाताने, जुना एका रेघेने खोडून, पण वाचता येईल असा. ए-फोरच्या एका कागदावर ६५ लेबलं बसतात. इतवारीतून शंभर कागदांचा गठ्ठा आणला, ७५० रुपये. पारदर्शक चिकटपट्टी ७२०, टोनर भरून घेतला ४५०, दोन नव्या नोंदवह्या ७६०. कॉलेजची दोन मुलं रोज तीनशे रुपयांनी पंधरा दिवस बसली, ९,०००. चहा आणि तर्री-पोहे १,१४०. एकूण १२,८२०. पहिल्या दिवशी १४० पुस्तकं झाली, शेवटी शेवटी रोज २३० पर्यंत गेलो. कामाची विभागणी ताईंनी ठरवली आणि ती मला फार आवडली: एकाने जुना क्रमांक मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने तक्त्यातून नवा क्रमांक आणि पुस्तकाचं नाव वाचायचं, नाव जुळलं तरच लेबल लावायचं. नुसत्या क्रमांकावर विश्वास ठेवला असता तर पेन्सिलीच्या "अ" वाली पुस्तकं नक्की उलटसुलट झाली असती.

२,८४२ पैकी २,७९७ पुस्तकांना लेबल लागलं. ३१ वाचकांकडे होती. १४ सापडलीच नाहीत, ती गहाळ यादीत गेली.

२४ फेब्रुवारीला देवघेव सुरू झाली. दहा-साडेदहाला एक मुलगी तिचं गोष्टींचं पुस्तक परत करायला आली आणि पडद्यावर नाव आलं एका अर्थशास्त्राच्या पुस्तकाचं. ताईंनी मला ऑफिसात फोन केला. परत घेण्याच्या पानावरच्या चौकटीत फक्त चार आकडे बसत होते. २००४७ टाइप केलं की शेवटचा ७ पडायचा आणि राहायचं २००४. आणि २००४ हे मुख्य वहीतलं खरंखुरं पुस्तक होतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. पुस्तक देण्याची चौकट मी पाच आकड्यांची केली होती, परतीची राहून गेली. तोवर ११ नोंदी चुकीच्या झाल्या होत्या. फोनवरून ताईंना परती कागदावर लिहायला सांगितल्या, दुपारी येऊन चौकट वाढवली आणि अकराही नोंदी एकेक तपासून सरळ केल्या. क्रमांकाची लांबी वाढत असेल तर प्रत्येक पडद्यावर सगळ्यात मोठा क्रमांक स्वतः टाइप करून पाहा. नुसता कोड वाचला तर हे नजरेतून सुटतं.

पूर्तता अहवाल ३ मार्चला दिला. जुन्या तिन्ही वह्यांत लाल शाईचे शेरे, सह्यांसाठी सचिव सर चार संध्याकाळी येऊन बसले. शेवटच्या दिवशी त्यांनी १९८८ चं ते पान स्वतः मागून घेतलं आणि शंभर ओळींवर शंभर सह्या केल्या.

मेमध्ये ऊन वाढलं तसं पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या दोन कपाटांतली लेबलं कडेने सुटायला लागली. वरच्या चिकटपट्टीचा गोंद ओघळून पुस्तकं एकमेकांना चिकटत होती. सुमारे दोनशे लेबलं पुन्हा लावली, या वेळी पट्टी कण्याला पूर्ण वळसा घालून दोन्ही पुठ्ठ्यांवर उतरवली. नागपुरात हे काम करत असाल तर सुरुवातीलाच तसं करा आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.

शोधण्याच्या पानावर मी "जुना क्रमांक" अशी एक चौकट ठेवली आहे. काका अजून डायरीतलाच क्रमांक सांगतात, ताई तो तिथे टाकतात. वाचकांकडे असलेल्या ३१ पुस्तकांची यादी काउंटरच्या काचेखाली आहे, नवी लेबलं तिच्या शेजारी पाकिटात. पुस्तक आलं की ताई लेबल लावतात आणि यादीवर रेघ मारतात. परवा पाहिलं तेव्हा सहा उरली होती.